तीस बाय पन्नासच्या प्लॉटवरील घर: बांधकामाच्या आणि खर्चाच्या नोंदी, नागपूर

६ ऑक्टोबर २०२४

बेसा रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर तळमजल्याचे ९०० चौरस फुटांचे घर बांधण्याचा निर्णय आज घरात पक्का झाला. पुढे कधी वर एक मजला चढवता यावा एवढी ताकद पायात आणि कॉलममध्ये ठेवायची, परंतु आत्ता फक्त तळमजलाच बांधायचा असे ठरले. हाताशी असलेली बचत आणि गृहकर्ज मिळून १९ लाख रुपयांच्या पुढे आम्हाला जाता येणार नाही. यांची नोकरी फिरतीची असल्यामुळे जागेवरची देखरेख आणि हिशेब माझ्याकडे राहील, म्हणून आजपासून ही वही सुरू करत आहे. येणारा प्रत्येक माल मोजून घेऊन त्याच दिवशी संध्याकाळी लिहून ठेवायचा, आणि जे काम नंतर उघडून पाहता येत नाही तिथे पैसा वाचवायचा नाही, हे दोन नियम पहिल्या पानावर लिहिले आहेत.

१३ ऑक्टोबर २०२४

प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत माणूस उभा राहील असे खड्डे खणून घेतले. वरची पाच फूट माती काळी आहे, त्याखाली पिवळसर मुरूम लागला आणि साडेसहा फुटांवर पहारीलाही तो सहज दाद देईना. खड्ड्यातल्या काळ्या मातीचा ओला गोळा हातात घेऊन वळला, तर कणकेसारखी त्याची लांब वळी झाली. तीच वळी दुपारी उन्हात वाळून तिला तडे गेले आणि ती बोटभर आखडली. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगायचे आणि उन्हाळ्यात भेगाळायचे हा या मातीचा स्वभाव असल्यामुळे नागपूरच्या नव्या वस्त्यांमध्ये खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेली घरे जागोजागी दिसतात. शेजारच्या गल्लीतील एका घराला तीन वर्षांतच अशी भेग पडली आहे आणि दर उन्हाळ्यात ती बुजवावी लागते.

दर मागवताना एका ठेकेदाराने चार फूट खोलीचा पाया धरून जो आकडा दिला होता, तो बाकीच्यांपेक्षा सुमारे ५५ हजारांनी कमी होता. खड्डा पाहिल्यावर तो आकडा कमी का होता हे कळले, कारण चार फुटांवर पाया थांबवला तर तो काळ्या मातीतच टेकतो. मुरूम आणखी खोल असता तर खाली फुगीर गोळा असलेले पाईल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागले असते, असे आमच्या अभियंत्यांनी सांगितले; अशा पाईलची लांबी साधारण साडेतीन मीटर ठेवतात, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या मातीच्या थराखाली तो पकड घेतो. आमच्याकडे मुरूम आवाक्यात असल्यामुळे साडेसहा फुटांवर स्वतंत्र फुटिंग (प्रत्येक कॉलमखाली वेगळा पाया) पुरेसे आहे. खड्डे खणायला दोन मजुरांची एका दिवसाची मजुरी लागली आणि तेवढ्यात पायाचा प्रश्न अंदाजावर न राहता डोळ्यांसमोर सुटला.

३ नोव्हेंबर २०२४

नकाशाचा पहिला कच्चा आराखडा देखणा होता, पण त्यात घराच्या बाहेरच्या अंगाला तीन ठिकाणी खाचे होते. मी फूटपट्टीने बाहेरच्या भिंतींची लांबी मोजली तेव्हा ती १४७ फूट भरली. तेवढेच ९०० चौरस फूट सरळ २४ बाय साडेसदतीस फुटांच्या चौकोनात बसवले, तर ती लांबी १२३ फुटांवर येते. चोवीस फूट लांब आणि दहा फूट उंच म्हणजे २४० चौरस फुटांची नऊ इंची भिंत कमी झाली, म्हणजेच अंदाजे दोन हजार चारशे विटा, त्यांची जुडाई, दोन्ही बाजूंची मिळून ४८० चौरस फूट छपाई (प्लास्टर) आणि तेवढाच रंग वाचला. खोल्यांचे क्षेत्रफळ एक फुटानेही घटलेले नाही. संपूर्ण कामात एवढ्या सहजासहजी दुसरी कुठली बचत होईल असे मला वाटत नाही, आणि ती होण्यासाठी कागदावर एक संध्याकाळ पुरली.

याच बैठकीत स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरे एकमेकांना पाठ लावून घेतली, त्यामुळे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच भिंतीत येतात. कोणत्याही खोलीचा छोटा गाळा बारा फुटांपेक्षा मोठा ठेवलेला नाही, म्हणून बीम खोल करावे लागत नाहीत. प्लॉट उत्तराभिमुख असल्यामुळे लांब भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. पश्चिमेच्या उन्हाचा प्रश्न त्यामुळे उभा राहतो, त्याचा विचार भिंतींच्या वेळी करायचा आहे.

कूलरची खिडकीही याच वेळी ठरवली. नागपूरला एप्रिल ते जून कूलरशिवाय भागत नाही, आणि कूलरची हवा आत यायला जशी खिडकी लागते तशीच ती बाहेर जायला समोरच्या बाजूला वाटही लागते. ती नसेल तर खोलीत नुसती दमट वाफ साचते. म्हणून कूलर पूर्वेच्या खिडकीत, सज्जाच्या सावलीत, आणि हवा बाहेर पडायला समोर उंचावर झरोका, अशी रचना केली. कूलरच्या पाण्याचा नळ आणि विजेचा बोर्ड त्याच खिडकीपाशी दाखवून घेतला. दोन्ही शयनगृहांत एसी बसवण्याचा विचार त्यामुळे सोडून देता आला.

८ डिसेंबर २०२४

खोदकाम पूर्ण झाले. निघालेली काळी माती प्लिंथमध्येच (घराच्या जोत्यात) भरून टाकण्याची सूचना दोन-तीन जणांनी केली, कारण ती फुकट हाताशी होती. ती आम्ही मानली नाही. फरशीखाली काळी माती भरली की पुढे फरशी उचलली जाते, आणि मग बसवलेली फरशी काढून पुन्हा भराव करावा लागतो. जवळच्या एका रोपवाटिकेला काळी माती हवीच होती. त्यांनी स्वतःचे ट्रॅक्टर आणून ती उचलली, त्यामुळे आमचा वाहतुकीचा खर्च वाचला. प्लिंथमध्ये मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरांनी टाकून, प्रत्येक थरावर पाणी मारून ठोकून घ्यायचा आहे.

२१ डिसेंबर २०२४

सळाख आली. दुकानांच्या दरांची तुलना करताना एक गोष्ट लक्षात आली: काही ठिकाणी नगावर बिल करतात आणि काही ठिकाणी काट्यावरच्या वजनावर. सळाखेचे वजन काढण्याचे सूत्र सोपे आहे. जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. बारा मिलिमीटरच्या सळाखेचे मीटरमागे ८८९ ग्रॅम होतात आणि बारा मीटरच्या पूर्ण नगाचे १० किलो ६७० ग्रॅम. आमचे साठ नग होते, म्हणजे सूत्राप्रमाणे ६४० किलो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन धर्मकाट्यावर करून घेतले, तेव्हा प्रत्यक्षात ६१२ किलो भरले.

यात फसवणूक नव्हती. बारा मिलिमीटरच्या सळाखेच्या वजनात पाच टक्क्यांपर्यंत कमी-अधिक भारतीय मानकाला मान्य आहे आणि हा फरक त्याच्या आतच होता. पण नगांच्या हिशेबाने बिल झाले असते, तर न मिळालेल्या २८ किलोंचे ५८ रुपये दराने १,६२४ रुपये आम्ही एका जाडीतच भरले असते. इतवारीत आम्ही ज्या दुकानातून माल घेतला तिथे काट्यावरच्या वजनाचेच बिल केले, आणि त्यांचा किलोचा दर दुसरीकडच्यापेक्षा एक रुपयाने जास्त असूनही एकूण बिल कमी आले.

कापण्याची यादीही अभियंत्यांकडून आधी करून घेतली होती. बारा मीटरच्या नगातून कोणकोणते तुकडे निघतील याचा विचार करून कापले, तर उरलेल्या दीड-दोन फुटांच्या तुकड्यांचा ढीग लागत नाही. मिस्त्रींना हे लिखापढीचे काम सुरुवातीला पसंत पडले नाही, परंतु संध्याकाळी उरलेले तुकडे मोजले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “ताई, एवढा कमी भंगार तर माह्या हातून कधी निघाला नाई.”

१२ जानेवारी २०२५

फुटिंग आणि कॉलम प्लिंथपर्यंत आले, प्लिंथ बीम भरून झाला. बाहेरच्या प्लिंथ बीमखाली माती दाबून न भरता सुमारे तीन इंचांची मोकळी जागा ठेवली आहे, म्हणजे काळी माती फुगली तरी ती बीमला खालून ढकलणार नाही. बाहेरून ही फट विटेच्या पातळ ओळीने झाकली.

१९ जानेवारी २०२५

आज रेतीचा पहिला टिप्पर आला आणि तो रिकामा करण्यापूर्वी मी मोजमाप घेतले. सांगितलेला माल दोन ब्रास होता, म्हणजे २०० घनफूट. टिप्परच्या हौद्याची आतली लांबी दहा फूट आणि रुंदी सहा फूट निघाली. उंची मोजताना फळीच्या कडेला फूटपट्टी लावून चालत नाही, कारण रेती मधोमध ढिगासारखी आणि कोपऱ्यांत खाली गेलेली असते. म्हणून एक सळाख पाच ठिकाणी, चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी, तळ लागेपर्यंत खुपसली, प्रत्येक वेळी रेतीच्या पातळीवर अंगठा धरून बाहेर काढली आणि टेपवर ठेवली. सरासरी उंची दोन फूट दहा इंच आली. गुणाकार १७० घनफूट झाला, म्हणजे एक पूर्णांक सात ब्रास. ड्रायव्हरशी वाद घातला नाही. कागदावरचा हिशेब पुरवठादाराला फोनवर वाचून दाखवला आणि १.७ ब्रासचेच पैसे देण्याचे त्यांनी मान्य केले. पुढच्या गाडीपासून त्यांचा माणूस स्वतःच म्हणू लागला की मोजून घ्या.

रेती ओली होती हेही हिशेबात धरले पाहिजे. थोड्या ओलाव्याने रेतीचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि आकारमान पाव भागापर्यंत वाढू शकते. त्यामुळे ओल्या रेतीची गाडी भरलेली दिसते, पण माल कमी असतो, आणि काँक्रीटला फावड्याने किंवा घमेल्याने मोजून टाकताना रेती प्रत्यक्षात कमी पडते. मिस्त्रींशी बोलून ओल्या रेतीसाठी फर्म्याचे (रेती मोजायच्या पेटीचे) माप थोडे वाढवून घेतले.

गाळ तपासायला घरातली काचेची उंच बरणी नेली होती. निम्मी रेती, वर मिठाचे पाणी, जोरात हलवून तासभर सावलीत ठेवली. तळाशी रेतीचा थर बसला आणि त्यावर गाळाची पातळ, चॉकलेटी रेघ वेगळी दिसू लागली. रेतीचा थर १२ सेंटिमीटर आणि गाळ अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडा वर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. आठ टक्क्यांच्या खाली गाळ असेल तर रेती चालते, असे अभियंत्यांनी सांगितले होते. बरणी जागेवरच ठेवली आहे.

पावसाळ्यात नदीतून रेती उपसायला बंदी असते आणि त्या काळात बाजारभाव चढतो, म्हणून छपाईपर्यंत लागणारी रेती मे महिन्यातच घेऊन ताडपत्रीखाली ठेवायची आहे.

२ फेब्रुवारी २०२५

आज माझ्या हातून झालेली चूक लिहीत आहे. डिसेंबरअखेरीस सिमेंट गोणीमागे १८ रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून गरजेपेक्षा ४० गोण्या जास्त घेतल्या आणि त्या तात्पुरत्या खोलीत थेट जमिनीवर, भिंतीला टेकवून रचल्या. खाली फळ्या घालायला हव्या होत्या आणि भिंतीपासून फूटभर अंतर ठेवायला हवे होते. जानेवारीच्या थंडीत जमिनीतला ओलावा चढला आणि खालच्या ओळीतल्या नऊ गोण्यांमध्ये खडे झाले. खडे बोटांनी चिरडले जात असतील तर ते सिमेंट किरकोळ कामाला चालते, पण हे हातोडीने फुटत होते. गोणीमागे १८ रुपये वाचवताना ४० गोण्यांत ७२० रुपये वाचले आणि नऊ गोण्यांचे तीन हजारांहून अधिक गेले. यापुढे आठ-दहा दिवसांच्या कामापुरतेच सिमेंट मागवायचे, आणि आलेल्या गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा पाहूनच उतरवून घ्यायचे.

२० फेब्रुवारी २०२५

स्लॅब भरला. तारीख ठरवताना होळीचा विचार करावा लागला. आमच्या कामावरचे बरेच मजूर बालाघाट आणि छत्तीसगडकडचे आहेत आणि होळीला ते गावी जातात. यंदा होळी १३ मार्चला आहे, म्हणजे दहा तारखेनंतर जागेवर कोणी नसेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्लॅब भरला असता तर भर उन्हात त्याला पाणी मारायला माणूस मिळाला नसता. आजची तारीख धरल्यामुळे पाण्याचे चौदा दिवस मजूर जाण्याआधी पूर्ण होतात आणि सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) मजूर सुट्टीवर असताना जागेवरच उभे राहते. सेंट्रिंगचे भाडे आम्ही दिवसावर न ठरवता स्लॅबच्या चौरस फुटावर ठरवले होते, त्यामुळे ते जास्त दिवस उभे राहण्याचा वेगळा पैसा पडत नाही.

काम सकाळी सहाला सुरू झाले. पाच इंच जाडीच्या स्लॅबला आणि बीमला मिळून दुपारी अडीच वाजले. मी पूर्ण वेळ मिक्सरपाशी उभी होते, कारण माल घमेल्यातून लवकर सरकावा म्हणून वरून पाणी ओतण्याची सवय सगळीकडे दिसते आणि जास्तीचे पाणी काँक्रीटची ताकद खाते. पाण्याच्या बादलीला रंगाने खूण केली होती. दोन वेळा खूण ओलांडली गेली आणि दोन्ही वेळा मी तो माल बाजूला काढायला लावला. मजुरांना राग आला असेल, परंतु तो स्लॅब नंतर कोणालाही उघडून दुरुस्त करता येणार नाही. त्याच काँक्रीटचे सहा क्यूब (ठोकळे) भरून घेतले, तीन सात दिवसांच्या आणि तीन अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीसाठी.

सौर पॅनेलसाठीचा पाइप, कूलरच्या पाण्याची नळी आणि पंख्यांचे डबे स्लॅबमध्येच सोडले. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. पॅनेल पुढच्या वर्षी बसवायचे असले, तरी वायर गच्चीवर नेण्यासाठी तेव्हा स्लॅब फोडावा लागू नये.

२१ फेब्रुवारी ते ६ मार्च २०२५

स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरून ठेवले. सासरे रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला जाऊन पातळी पाहत होते. चौदाही दिवस एकही आळे कोरडे पडले नाही.

२३ मार्च २०२५

अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबच्या ताकदीची सरासरी चौरस मिलिमीटरला २४.६ न्यूटन आली, आम्हाला किमान २० हवे होते. मजूर परतले आहेत. सेंट्रिंग उतरवले, कुठेही गिट्टी उघडी पडलेली नाही.

६ एप्रिल २०२५

पश्चिमेच्या भिंतीबद्दल आजवर बरीच चर्चा झाली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून, दोन विटांच्या मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप जुडाई लॉरी बेकर यांनी केरळात मोठ्या प्रमाणावर वापरली. या पद्धतीत विटा सुमारे पाव भागाने कमी लागतात आणि मधल्या पोकळीमुळे उन्हाची धग आत यायला वेळ लागतो. तिला एकसारख्या मापाच्या विटा लागतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेमुळे नागपूरला फ्लाय अॅशच्या विटा सहज मिळतात आणि साच्यातल्या असल्यामुळे त्यांचे माप पाळलेले असते, म्हणून ही पद्धत इथे जमण्यासारखी होती.

मिस्त्रींनी ती कधी केलेली नव्हती. “ताई, भिंत पोकळ राहिली तर उद्या खिळा ठोकला की आरपार जाईन, अन् लोकं मले नाव ठेवतीन,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची शंका रास्त होती, म्हणून आधी तीन फूट लांबीची नमुना भिंत कंपाउंडच्या कडेला बांधायला दिली आणि त्या दिवसाची मजुरी वेगळी दिली. पहिल्या दोन थरांत त्यांचा हात अडखळला. दोन विटा कडेवर समांतर, मग एक वीट आडवी दोन्हींना जोडणारी, पुन्हा दोन समांतर. दोन समांतर विटांमध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी राहते आणि मसाला चुकून तिच्यात पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच एक तीन इंची फळी कापून पोकळीवर ठेवायला सुरुवात केली. ती फळी थराबरोबर पुढे सरकवत नेली की मसाला फक्त विटेवर बसतो. हा उपाय मी कुठे वाचलेला नव्हता. चौथ्या थरापासून हात बसला आणि दुपारपर्यंत भिंत ओळंब्यात उभी राहिली.

खिडकीच्या चौकटीलगत, सिलखाली (खिडकीच्या तळाखाली) आणि लिंटेलखाली (खिडकीवरच्या आडव्या पट्टीखाली) थर भरीव घ्यायचे ठरले. न्हाणीघराचा भाग पाइपांमुळे पूर्ण भरीव ठेवला.

२७ एप्रिल २०२५

पश्चिमेची भिंत पूर्ण झाली. नेहमीच्या हिशेबाने शंभर चौरस फुटांना हजारच्या आसपास विटा लागतात; या भिंतीत सुमारे ७०० विटा वाचल्या. सहा रुपयांच्या दराने ते ४,२०० रुपये होतात, आणि जुडाईला दोन दिवस जास्त लागल्याची मजुरी वजा केली तर पैशाची बचत फारच थोडी उरते. हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण फक्त विटा वाचवण्यासाठी कोणी ही पद्धत घेतली तर त्याची निराशा होईल.

१८ मे २०२५

आज संध्याकाळी सात वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहिला. दिवसभराचे ऊन नुकतेच उतरले होते. न्हाणीघराचा भरीव भाग तव्यासारखा गरम होता, तर शयनगृहाचा पोकळ भाग कोमट होता. भिंत एकच, ऊन एकच. दोन्ही ठिकाणी थर्मामीटर कागदाच्या पट्टीने चिकटवून वीस मिनिटे ठेवला. भरीव भागावर ४१ आणि पोकळ भागावर ३८ अंश दिसले. कूलर रात्री दोन तास कमी चालला तरी ही भिंत आपला खर्च भरून देईल.

आतली छपाई सुरू आहे. मे महिन्यात छपाईला पाणी पुरत नाही, म्हणून फक्त पहाटे ते दहा आणि संध्याकाळी काम चालते. टँकरचा खर्च अंदाजापेक्षा ६ हजारांनी वाढला.

२५ मे २०२५

या कामातील सर्वांत मोठे नुकसान या आठवड्यात झाले आणि ते पूर्णपणे आमच्या घरातून झाले. स्वयंपाकघराचा ओटा नकाशात पूर्वेच्या भिंतीला होता. पाइप, नळ, विजेचे डबे सगळे त्याप्रमाणे बसले, छपाई झाली, आणि मग नातेवाइकांच्या भेटीत चर्चा होऊन तो दक्षिणेच्या भिंतीला हवा असे ठरले. मीही त्याला मान्यता दिली. छपाई फोडली, पाइप बदलले, जुने तोंड बुजवले, बोर्ड हलवले. खर्च १४,६०० रुपये आणि सहा दिवस. रेती मोजून, सळाख तोलून आणि विटा वाचवून आजवर जे साधले होते, त्यातला मोठा भाग एका दुपारच्या बोलण्यात गेला. नकाशा पक्का झाला तेव्हाच जमिनीवर चुन्याने ओटा, फ्रीज, पलंग आणि दारांचे पल्ले आखून त्यात दोन दिवस हिंडून पाहायला हवे होते. उरलेल्या खोल्यांमध्ये ते आज केले आणि त्यातून एका दाराची उघडण्याची बाजू चौकट बसण्याआधी बदलता आली.

१ जून २०२५

महाल भागात पाडल्या जाणाऱ्या एका जुन्या वाड्याचे सागवानी तुळवट विकायला होते. सासऱ्यांनी तिथे जाऊन प्रत्येक तुळवटाला नखाने आणि चाकूच्या टोकाने टोचून पाहिले, कारण वाळवी आतून पोखरते आणि वरून लाकूड शाबूत दिसते. निवडलेले चार तुळवट लकडगंजच्या आरा गिरणीत नेले. खिळे काढायलाच अर्धा दिवस लागला. एकही खिळा राहिला तर पाते तुटते आणि त्याची भरपाई आपल्याला द्यावी लागते. पाते आत गेल्यावर काळपट सालीखालून मधासारखा रंग निघाला आणि सागाचा वास सुटला. त्यातून मुख्य दाराची चौकट, पल्ला आणि देवघराचे दार निघाले. इतके जुने लाकूड आता आणखी वाकणार नाही. बाकीच्या चौकटी ग्रॅनाइटच्या आणि पल्ले साध्या फ्लश डोअरचे घेतले.

८ जून २०२५

पाऊस येण्याआधी गच्चीचा कोबा पूर्ण झाला. वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझेक बसवले. टाइल्सच्या दुकानांत फुटका माल फार कमी दरात मिळतो आणि पांढऱ्या पृष्ठभागामुळे स्लॅब कमी तापतो. उतार पाणी ओतून तपासला.

२७ ऑगस्ट २०२५

पोळ्याची सुट्टी संपून माणसे आली. पावसाळा चांगला झाला आणि स्लॅब कुठेही झिरपला नाही. पश्चिमेच्या भिंतीत मात्र एका ठिकाणी ओलीचा हातभर डाग आला. बाहेरून पाहिले तर तिथल्या दोन ओळींत दर्जा (विटांच्या सांध्यांतला बाहेरचा मसाला) भरायचा राहून गेला होता. ही भिंत बाहेरून छपाई न करता दर्जा भरून उघडी ठेवली असल्यामुळे तेवढी फट पुरेशी झाली. दर्जा भरला आणि पोकळीत शिरलेले पाणी बाहेर पडायला खालच्या थरात चार बारीक भोके ठेवली.

गच्चीचे पाणी बोअरलगतच्या शोषखड्ड्यात सोडले आहे. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. ९०० चौरस फुटांच्या गच्चीवरचे ऐंशी टक्के पाणी धरले तरी ७३ हजार लिटरच्या आसपास पाणी जमिनीत जाते.

२४ सप्टेंबर २०२५

बाहेरची छपाई आणि कंपाउंडची भिंत ओल उतरावी म्हणून पावसाळ्यानंतरसाठी राखून ठेवली होती. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आज ६५ गोण्या घेतल्या आणि जुन्या बिलाशी ताडून पाहिल्या, तेव्हा दरात फरक पडलेला होता. हा योग आमच्या नियोजनाचा नव्हे. तरी कर्जाचा शेवटचा हप्ता आधीच उचलून ठेवला नव्हता, त्यामुळे तीन महिने त्यावरचे व्याज वाचले, ते मात्र ठरवून केलेले होते.

५ ऑक्टोबर २०२५

दसऱ्याला, दोन तारखेला, गृहप्रवेश झाला. आज सर्व बिले जुळवली. एकूण खर्च १९,३८,४०० रुपये, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ३८,४०० रुपये जास्त. त्यात ओट्याचे १४,६०० आणि सिमेंटच्या नऊ गोण्या टाळता येण्यासारख्या होत्या. टँकरचे ६ हजार आणि नमुना भिंतीची मजुरी तशी म्हणता येणार नाही. पाया खोल नेण्याचे ५५ हजार पुन्हा काम काढले तरी असेच खर्च करीन.

घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतरता काँक्रीटचा पट्टा पुढच्या आठवड्यात भरायचा आहे, म्हणजे पावसाचे पाणी पायालगतच्या काळ्या मातीत मुरणार नाही. कडुलिंबाचे रोप त्यासाठी भिंतीपासून काढून प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात नेले. उरलेल्या १४० विटा पोर्चच्या पायरीसाठी मागच्या बाजूला रचून ठेवल्या आहेत.